रॉबर्ट कार्टरचें दानपत्र

गुलामांच्या मुक्तीची गोष्ट निघाली कीं अब्राहाम लिंकनचें नांव सहज ओठांवर येतें. परंतु त्याच्या १८६३ च्या जाहीरनाम्यापूर्वीं बहात्तर वर्षें व्हर्जिनियांतील एका जमीनदारानें आपले ४५२ गुलाम मुक्त करण्याचा लेख कोर्टांत नोंदविला होता. त्याचें नांव रॉबर्ट कार्टर. आपण तें ऐकलें नसेल तर त्यांत आपला दोष नाहीं. खुद्द अमेरिकेंतहि तें फार थोड्यांस ठाऊक आहे.

त्याचा आजा एवढा ऐश्वर्यवान् कीं लोक त्यास ‘राजा कार्टर’ म्हणत. सुमारें तीन लाख एकर जमीन त्याच्या नांवावर होती. नातू १७२८ मध्यें जन्मला. तो चार वर्षांचा असतां बाप व आजा एकाच वर्षीं वारले, आणि हजारों एकर तंबाखूची जमीन व त्यावर राबणारीं माणसें या पोराच्या वांट्यास आलीं. १७५४ त मेरीलंडच्या फ्रान्सिस टास्करशीं त्याचा विवाह झाला; अपत्यें सतरा, पैकीं कित्येक बाळपणींच गेलीं. तिशींतच तो गव्हर्नरच्या कौन्सिलाचा सभासद झाला.

त्याच्या नोमिनी हॉल या वाड्यांत १७७३ सालीं फिलिप फिदियन नांवाचा तरुण मुलांचा शिक्षक म्हणून राहिला. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. तींत हार्पसिकॉर्डचे सूर आहेत, नाचाचे जलसे आहेत. आणि गुलामास आठवड्याला डोई पाऊंडभर मांस व थोडा मका मिळतो, हेंहि आहे. गंमत अशी कीं, याच मालकाची त्या भागांत सर्वांत दयाळू म्हणून ख्याति होती!

१७७८ मध्यें कार्टर बॅप्टिस्ट पंथांत शिरला. त्या मंडळींत गुलामहि बसत. कोण्या एका प्रवचनानें त्याचें मन पालटलें असें मला वाटत नाहीं. तें वर्षानुवर्षें कुरतडलें गेलें असावें. गुलामगिरीची हवा लागूं नये म्हणून त्यानें आपले दोन मुलगे दूर ऱ्होड आयलंडला शिकावयास धाडले. १७८७ त पत्नी वारली.

मालकास आपले गुलाम खुशीनें सोडण्याची मोकळीक व्हर्जिनियाच्या कायद्यानें १७८२ तच दिली होती. १७९१ च्या कार्टरच्या दानपत्रांत आवेशाचें अक्षरहि नाहीं. मळ्यावार नांवें, वयें; दरवर्षीं पंधरा जणांची सुटका; मुलांची एकविसाव्या व मुलींची अठराव्या वर्षीं. एखाद्या काटेकोर कारकुनानें लिहिलेली वही जणूं! या संथपणाचा राग येतो खरा, कारण एकेका वर्षानें कोणाचें तरी आयुष्य दास्यांत सरत होतें. पण आपल्या मुलांबाळांच्या वारशाला एवढी कात्री लावणारा दुसरा मळेवाला त्या काळीं सांपडत नाहीं. वॉशिंग्टननेंहि आपले गुलाम मुक्त केले, परंतु मृत्युपत्रानें.

शेजारी खवळले. स्वतःच्या घरास आग लावून दुसऱ्याचें जाळण्यासारखेंच हें, असें एका निनांवी पत्रांत त्यास सुनावण्यांत आलें. १७९३ त तो बाल्टिमोरला निघून गेला; सुटकेचें काम बेंजामिन डॉसन या धर्मोपदेशकाकडे सोंपविलें. १८०४ त तो वारल्यावर त्याला नोमिनी हॉलच्या आवारांत पुरलें, तेंहि थडग्यावर दगड न बसवितां. वाडा १८५० मध्यें जळाला. त्या ४५२ जणांचीं नांवें मात्र दानपत्रांत आजहि वाचतां येतात.