मनीमाजऱ्यातील ठेंगणा आयरिस

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले मनीमाजरा हे गाव चंडीगढहून पुष्कळ जुने. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात त्याच्या शेजारी नवे शहर उभे राहिले आणि कालांतराने हे गाव त्याच शहराचा भाग झाले. नव्या शहराला रुंद रस्ते, वृक्षांच्या रांगा आणि 1967 सालचे विस्तीर्ण गुलाबउद्यान लाभले. जुन्या वस्तीच्या वाट्याला राहिल्या त्या अरुंद गल्ल्या आणि घरांच्या गच्च्या. गच्चीवर बाग करू पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच लहान चणीच्या झाडांकडे वळते, आणि तेथे त्याला मोह पडतो तो ठेंगण्या आयरिसचा.

आयरिस रेटिक्युलाटा ही त्यांतली सर्वपरिचित जात. तिचा कंद लहानशा कांद्याएवढाही नसतो. त्यावर जाळीदार आवरण असते आणि लॅटिन नावाचा अर्थही तोच. फूल जेमतेम वीतभर उंचीचे, गडद जांभळे किंवा निळे, खालच्या पाकळ्यांवर पिवळी रेघ मिरविणारे. तुर्कस्तान, काकेशस, इराक आणि इराण येथील डोंगर हे तिचे माहेर. तेथे हिवाळ्यात बर्फ, वसंतात थोडा ओलावा आणि उन्हाळा मात्र कोरडा ठणठणीत.

सह्याद्रीतील कळलावीचा कंद उन्हाळाभर मातीत निजतो आणि पावसाबरोबर जागा होतो. आयरिसचे पंचांग नेमके याच्या उलट. हा कंद उन्हाळ्यात निजतो आणि त्या झोपेत त्याला पाण्याचा स्पर्शही नको असतो. मनीमाजऱ्यात मात्र जुलै ते सप्टेंबर मोसमी पाऊस धो धो कोसळतो. कंद कुजतो तो तेव्हा. मैदानातल्या उन्हाला सारे दोष देतात; खरा वैरी चिखल आहे. जवळच्या हिमालयातील, कुमाऊंचे नाव धारण करणारा ठेंगणा आयरिस आणावा, तर तो उन्हाळी पाऊस सोसणारा असला तरी उंच पर्वतावरील गारव्याला सोकावलेला. मैदानात त्याची आशा धरू नये.

म्हणून वाफा नको, कुंडीच हवी. कुंडी उचलून ओसरीत ठेवता येते. वाफा कोण उचलणार! पोयट्याइतकीच जाडी वाळू मिसळावी, तळाशी खापऱ्या घालाव्यात, ताजे शेणखत टाळावे. मनीमाजऱ्याची थंडी बेताची असल्याने लागवडीपूर्वी कंद आठ-दहा आठवडे कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावेत. मात्र त्याच कप्प्यात सफरचंदे नकोत. पिकत्या फळांतून निघणारा वायू आतल्या कोवळ्या कळीला मारक ठरतो. गारवा मिळालेले कंद डिसेंबरच्या सुमारास चार बोटे खोल लावावेत. उथळ लावलेला कंद फुटून त्याची बारीक पिल्ले होतात, असा जाणत्यांचा अनुभव आहे. पिवळ्या फुलांचा डॅनफोर्डी तर या खोडीसाठी कुप्रसिद्धच.

फूल थोडे दिवस टिकते, आणि हौशी माणूस तेथेच कुंडीकडे पाठ फिरवितो. वास्तविक कंदाचे पोषण तेव्हाच सुरू होते. फुलानंतर पाने हातभर वाढतात. ती विस्कटलेली दिसली तरी कापू नयेत, हिरवी आहेत तोवर पाणी द्यावे. एप्रिलचे ऊन तापू लागले की ती आपोआप वाळतात. येथला वसंत आखूड असल्याने कंद मूळच्याएवढा भरत नाही, हे मान्य करावे लागते. पाने वाळली की पाणी बंद करून कुंडी पागोळ्यांपासून दूर, वाऱ्याच्या जागी ठेवावी, किंवा कंद काढून शेतकरी चाळीत कांदा राखतो तसे हवेशीर, कोरडे राखावेत.

ऑक्टोबरात ते चाचपून पाहावेत. पोकळ किंवा शाईसारखे काळे डाग पडलेले फेकून द्यावेत. घट्ट असतील ते पुन्हा गारव्याला ठेवावेत. हरभऱ्याएवढी पिल्लेही टाकू नयेत. निराळ्या कुंडीत लावून ती दोन-तीन वर्षे सांभाळली, तर त्यांतील एखादे फुलावर येऊ शकते.