जुन्या संगणकाची तबकडी : आधी परीक्षा, मग वाचन



अनगोळच्या शेजारी असलेल्या उद्यमबागेत दुरुस्त होऊन आलेल्या लेथवर कसबी कारागीर गिऱ्हाइकाचा मोलाचा जॉब लगेच चढवीत नाही. प्रथम तो यंत्र मोकळे फिरवून त्याचा आवाज ऐकतो, मग भंगारातील तुकडा लावून माप घेतो, आणि खात्री पटल्यावरच खऱ्या कामास हात घालतो. जुन्या संगणकाच्या डिस्क ड्राइव्हलाही हाच नियम लागू पडतो. परंतु तेथे तो फार वेळा मोडला जातो, आणि त्याची भरपाई होत नाही.

1984-85 साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट कार्डामुळे पीसीवर मराठी अक्षर उमटू लागले, आणि छापखान्यांतील खिळ्यांची जुळणी हळूहळू संगणकाकडे गेली. संस्थांच्या स्मरणिका, अहवाल, दिवाळी अंकांचा मजकूर फ्लॉपीवर साठू लागला. अशी एखादी फ्लॉपी आज कपाटात सापडली, तर ती वाचण्यासाठी जुना संगणक पुन्हा चालता करणे हा केवळ छंद राहत नाही.

फ्लॉपीच्या आवरणात लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिलेली पातळ प्लॅस्टिकची तबकडी असते. ती बहुतेक ड्राइव्हमध्ये मिनिटाला 300 फेरे घेते आणि हेड तिला प्रत्यक्ष घासून वाचते. पावसाळी दमटपणाने तबकडीवर बुरशी येते, लेप सुटू लागतो. सुटलेला लेप हेडला चिकटला, की पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे उठतात. मजकूर वाचण्याच्या उतावळेपणातच मजकूर नष्ट होतो, तो असा.

म्हणून क्रम पाळावा. ड्राइव्ह जोडण्यापूर्वी वीजपुरवठ्याचे 5 आणि 12 व्होल्ट मीटरने मोजावेत. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळुवार पुसावे. ते ज्या दांड्यांवरून सरकते, तेथील घट्ट झालेले ग्रीस काढावे. मग जिच्यात मोलाचे काही नाही अशी फ्लॉपी घालून ती फॉरमॅट करावी, तिच्यावर लिहावे, पुन्हा वाचावे, आणि बाहेर काढून तबकडीवर ओरखड्याचे वर्तुळ उमटले नाही ना, ते पाहावे.

येथे एक चकवा आहे. हेड जागेवरून किंचित सरकलेला ड्राइव्ह स्वतः लिहिलेले बिनचूक वाचतो, कारण लिहिण्याची आणि वाचण्याची चूक एकच असते. त्याची खरी परीक्षा दुसऱ्या, चांगल्या ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी वाचण्यात आहे. तसेच 360 केबीच्या फ्लॉपीवर 1.2 एमबीच्या ड्राइव्हने लिहू नये. त्याची रेघ अरुंद उमटते आणि पुष्कळदा मूळ ड्राइव्हला ती नीट वाचता येत नाही.

मूळ फ्लॉपी घालण्यापूर्वी तिच्यावर लिहिण्याची वाट बंद करावी. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच अपारदर्शक पट्टीने झाकावी. साडेतीन इंची फ्लॉपीवरील खिटी सरकवून भोक उघडे ठेवावे. तबकडीवरील चुंबकीय स्पंदने जशीच्या तशी टिपून घेणारी छोटी उपकरणेही आज मिळतात. अशी नोंद एकदा घेतली, म्हणजे पुढचा सारा अभ्यास प्रतीवर करता येतो. मूळ फ्लॉपीस पुन्हा हात लावण्याचे कारण उरत नाही.

एवढे करूनही फाईल उघडली म्हणजे मराठी वाचता आलेच, असे नव्हे. त्या काळी निरनिराळ्या फाँटांचे संकेत निरनिराळे होते. 1991 साली इस्की हा भारतीय लिपींचा संकेत प्रमाण ठरला, आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. पण छपाईच्या कामात जुने फाँट पुढेही दीर्घकाळ चालले. तेव्हा फ्लॉपीबरोबर तो फाँट आणि ते लेखनाचे सॉफ्टवेअरही जपले पाहिजे. नाहीतर पडद्यावर निरर्थक खुणांची रांग तेवढी दिसेल.

कागद पिवळा पडला, कडा झिजल्या, तरी डोळ्यांना वाचता येतो. फ्लॉपी मात्र यंत्रावाचून मुकी असते, आणि ते यंत्र बिघडलेले असेल तर तेच तिचा घात करते. ज्यांच्या कपाटात अशा फ्लॉप्या असतील, त्यांनी त्या कोरड्या जागी, लोहचुंबकापासून दूर, उभ्या ठेवाव्यात. आणि परीक्षा झालेला ड्राइव्ह मिळेपर्यंत, कुतूहल कितीही अनावर झाले तरी, त्या यंत्रात घालू नयेत.