राडारोड्यातून मजबूत काँक्रीट
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



जुनी इमारत पाडली की तिचा राडारोडा नाल्याकाठी किंवा ओसाड जागी टाकला जातो, आणि नव्या इमारतीसाठी डोंगर फोडून खडी आणली जाते. हा दुहेरी तोटा होय. आपल्यापैकी अनेकांच्या घरी गवंडीकाम, सेंटरिंग किंवा छोटी ठेकेदारी चालते. त्या घरांतील मुलांनी हा विषय नीट समजून घ्यावा, म्हणून तो आज निवडला आहे.

जुने काँक्रीट फोडून, लोखंड काढून व चाळून पुन्हा खडी करता येते. दिल्लीत बुराडी येथे २००९ साली राडारोड्यावर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. मग ही खडी सर्रास का वापरीत नाहीत? कारण तिच्या अंगाला जुना सिमेंटचा माल चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी पितो. मिश्रण कोरडे दिसले की कामावर वरून पाणी ओतले जाते, आणि काँक्रीट कमजोर होते. शिवाय खडी व नवा माल यांच्या सांध्यात बारीक पोकळ्या राहतात. भार आला की तडा बहुधा तेथूनच सुरू होतो.

हा सांधा सुधारण्यासाठी नॅनो सिलिका वापरतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. नॅनो सिलिकाचा कण मात्र अवघा काही दशक नॅनोमीटरचा. तो बारीक छिद्रांत शिरून ती भरतो. दुसरे काम अधिक महत्त्वाचे. सिमेंट व पाणी यांच्या क्रियेत थोडा चुना मोकळा होतो. त्यापासून बळकटी फारशी मिळत नाही. सिलिका त्या चुन्याशी संयोग पावते आणि सिमेंटला बांधून ठेवणारा चिकट पदार्थ आणखी तयार होतो. आपले जुने गवंडी चुन्यात विटांची सुरखी मिसळीत, त्यामागेही हेच रसायन होते.

खडी आधी नॅनो सिलिकाच्या द्रावणात भिजवतात, किंवा सिमेंटच्या वजनाच्या साधारण १ ते ३ टक्के सिलिका मालात घालतात. जास्त घातली म्हणजे जास्त फायदा, असे मात्र नाही. कणांच्या गाठी होतात, माल घट्ट होतो आणि खर्च वाढतो. कोरडी भुकटी श्वासावाटे छातीत जाऊ नये, याचीही काळजी घ्यावी लागते.

बिनखर्ची उपायही आहे. विवियन टॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दोन टप्प्यांत माल कालवण्याची पद्धत मांडली. आधी खडी व वाळूत निम्मे पाणी घालून फिरवायचे, मग सिमेंट घालायचे, शेवटी उरलेले पाणी. खडीवर सिमेंटचा पातळ लेप बसतो व सांधा सुधारतो. त्यासाठी पैसा लागत नाही, शिस्त लागते.

पालकांनो, घर बांधताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. भारतीय मानक आयएस ३८३ (२०१६) प्रमाणे जुन्या काँक्रीटची खडी लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंतच, तीही एम-२५ दर्जापर्यंत चालते. साध्या काँक्रीटमध्ये मर्यादा २५ टक्के आहे. विटांचे तुकडे मिसळलेला राडारोडा स्लॅब-कॉलमला मुळीच चालत नाही. तो पायाखालच्या हलक्या थरासाठी ठीक. नॅनो पदार्थ घातला म्हणून ही मर्यादा ओलांडता येत नाही. "नॅनो आहे, काळजी नको" असे कोणी म्हटले, तर २८ दिवसांच्या क्यूब टेस्टचा अहवाल मागा. त्या छताखाली आपलीच मुले झोपणार आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, वडिलांच्या हाती हुनर आहे. त्याला तुमच्या मोजमापाची जोड द्या. खडी किती पाणी पिते, हे वजनकाटा घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेतही पाहता येईल. मोठ्या संशोधनाची सुरुवात अशाच साध्या मोजणीतून होते. तुमच्यातून असे अभियंते घडावेत.