नवं मांजर आणि जुनं घमेलं

आपल्या हट्टा गावात काय नि आणखी कुठं काय, घरी मांजर आणलं की पहिली वाटी दुधाची. गडबड तिथंच होते. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. दूध-भाकरीच्या काल्यानं पोट बिघडतं, आणि शी-शूसाठी ठेवलेल्या घमेल्यापर्यंत पोचायच्या आत गोधडी खराब होते. मग बोलणी खातं बिचारं मांजर!

मांजर पक्कं मांसाहारी. त्याला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं तर हृदय दुबळं होतं, हे १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झालं. उकडलेली कोंबडी द्या, पण कांदा-लसूण न घालता. कांद्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. खाणं बदलायचं तर आठवडाभर, थोडं थोडं.

घमेल्यात आपली काळी माती नको. ओली झाली की पंजाला चिकटते, वाळली की ढेकूळ. मांजरानं उकरायचं कसं? चाळलेली वाळू चार बोटं भरा, घमेलं खाण्याच्या ताटलीपासून लांब ठेवा, घाण रोज काढा. फिनेल मात्र नको, ते मांजराला विषारी.

बोका घमेल्यात बसून कण्हतोय आणि लघवीचा थेंब नाही, तर त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.