मेंदूवरचे डाग

 

आज दोन आजारांबद्दल बोलायचं आहे. एकाला आपण फिट, मिरगी, फेफरं, आकडी अशा चार नावांनी ओळखतो. दुसऱ्याला आपल्या बोलण्यात नावच नाही. डॉक्टर त्याला मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणतात, थोडक्यात एम.एस. दोन्ही आजार मेंदूचे. फिट आली की लोक म्हणतात, बाहेरचं आहे, कुणीतरी केलंय. आणि एम.एस. असलेली बाई म्हणाली की पायाला मुंग्या येतात, डोळ्याला धूसर दिसतं, तर ऐकावं लागतं, "नाटकं करते, कामाचा कंटाळा आलाय." कारण महिन्याभरानं तीच बाई बरी दिसते. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, शेजारीण येऊन भाकरी टाकून देते. मेंदूतली जखम कुणाला दिसत नाही.

पण ती पाहिलेली माणसं आहेत. आजचं बोलणं त्यांच्यावरच आहे.

पॅरिसमध्ये साल्पेत्रिएर नावाचं मोठं रुग्णालय आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथे गरीब, निराधार, म्हाताऱ्या बायांना ठेवत. तिथले डॉक्टर शार्को या बायांच्या हातापायांची थरथर, बोलण्यातला अडखळपणा बारकाईनं लिहून ठेवायचे. बाई वारली की तिचा मेंदू आणि पाठीचा कणा तपासायचे. काहींच्या मेंदूत त्यांना जागोजागी करडे, कडक डाग सापडले. १८६८ मध्ये त्यांनी हा आजार नीट मांडला. स्क्लेरॉसिस म्हणजे कडक होणं, मल्टिपल म्हणजे अनेक ठिकाणी. ज्या बायांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत, त्यांच्या देहावरून हे ज्ञान जगाला मिळालं. आम्हाला हे वाचताना थोडं गलबलून आलं.

डाग कसे पडतात? विहिरीवरच्या मोटारपंपाची केबल डोळ्यांसमोर आणा. आत तार, वरून रबराचं वेष्टण. उंदरानं वेष्टण कुरतडलं की मोटार कधी चालते, कधी बंद पडते. आपल्या नसांवरही असंच एक स्निग्ध वेष्टण असतं. एम.एस.मध्ये शरीराची राखण करणाऱ्या पेशीच त्याला कुरतडतात. राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावावं तसं. मग निरोप अडतो. डोळ्याच्या नसेवर डाग पडला तर एक डोळा दुखतो आणि धूसर होतो, पाठीच्या कण्यात पडला तर पाय जड होतात, लघवी आवरत नाही. काही आठवड्यांनी सूज उतरते, बाई सावरते. म्हणूनच ते नाटक वाटतं.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे शास्त्रज्ञ ब्रूस ट्रॅप आणि त्यांच्या सोबत्यांनी मृत रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून एक गोष्ट दाखवली. फक्त वेष्टण जात नाही, आतली तारही तुटते, आणि तेही आजाराच्या सुरुवातीच्या काळातच. वेष्टण थोडंफार पुन्हा चढतं, तुटलेली तार जोडली जात नाही. म्हणून आजार ओळखून औषध लवकर सुरू करायचं. आता त्याला आवर घालणारी औषधं आहेत, ती महाग आहेत हेही खरं.

आपल्याकडे किती तरी वर्षं समज होता की हा गोऱ्या लोकांचा आजार, भारतात जवळजवळ नाहीच. मुंबईच्या डॉ. भीम सिंघल आणि डॉ. नोशिर वाडिया यांनी मुंबई परिसरातल्या रुग्णांचा अभ्यास करून १९७५ मध्ये तो छापला. तेव्हा एम.आर.आय. नव्हता. गुडघ्यावर हातोडी मारून, डोळे तपासून, तासन्‌तास विचारून निदान करावं लागे. पुढे डॉ. वाडियांनी पारशी समाजात हा आजार जास्त असल्याचंही दाखवलं. १९८५ मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. आपल्याकडे हा आजार आजही कमीच आहे, पण झाला तर बहुतेक विशी ते चाळिशीत होतो, आणि पुरुषांपेक्षा बायांना दुपटीहून जास्त. म्हणजे नेमका लेकरं लहान असण्याचा काळ.

खानदेशातल्या बाईनं एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. अंग तापलं की एम.एस.ची लक्षणं वाढतात, कारण वेष्टण गेलेल्या तारेतून निरोप उष्णतेत आणखी अडखळतो. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात केळीच्या बागेत किंवा तापलेल्या चुलीपुढे तिचा पाय खरंच उचलत नाही. गार पाण्यानं अंग पुसलं, सावलीत बसली, की थोड्या वेळात फरक पडतो. तो फरक म्हणजे ढोंगाचा पुरावा नव्हे, आजाराचीच ती खूण आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एम.एस.चं नाव लिहिलेलं आहे, त्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं.

आता फिट. मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक निरोपांनी बोलतात. बचत गटाच्या बैठकीत एकेक जण बोलली तर हिशोब कळतो. वीस जणी एकदम ओरडल्या तर? तसं मेंदूत होतं आणि फिट येते. कधी सगळं अंग झटके देतं, कधी पोरगी नुसती शून्यात बघत राहते आणि मास्तर म्हणतात लक्ष नाही. हा ओरडा सुरू व्हायला बऱ्याचदा एखादा व्रण कारण असतो. बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडलेला, गाडीवरून डोक्यावर पडलेलं, मेंदूज्वर झालेला. एम.एस.चे डाग मेंदूच्या वरच्या थरात पडले तर त्या रुग्णालाही कधी कधी फिट येते. आणि खूप जणांत तपासूनही कारण सापडत नाही.

आपल्या देशात मोठं कारण ठरलं ते एका जंताचं. फिट आलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या सी.टी. स्कॅनमध्ये बारीक गोल डाग दिसायचा. टीबीची गाठ समजून अनेकांना महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या दिल्या जायच्या. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे डाग शस्त्रक्रियेनं काढून तपासले. आत निघालं टेपवर्म नावाच्या लांब पट्टीसारख्या जंताचं पिल्लू. हे त्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलं. असे एकटे डाग बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप विरतात. (प्रत्येक डाग जंताचाच असतो असं नाही, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.)

हा जंत डुकराच्या कच्च्या मांसातून पोटात जातो हे बरोबर. पण मेंदूत जातं ते त्याच्या अंड्यांतून निघालेलं पिल्लू, आणि ती अंडी येतात पोटात जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. उघड्यावर बसणं, न धुतलेले हात, नाल्याच्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर, मुळा, मेथी. म्हणून माळकरी घरात, अंड्यालाही न शिवणाऱ्या बाईलासुद्धा हा आजार होतो. संडास वापरणं आणि पालेभाजी दोन-तीन पाण्यांनी धुणं हा फिटेवरचाही उपाय आहे.

फिट आलेल्या बाईला कांदा हुंगवू नका, चप्पल लावू नका, दातात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, मानेभोवतीचं कापड सैल करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. फिटा येत असतील तोवर विहिरीवर, नदीवर, चुलीपाशी तिला एकटीला सोडू नका. आपल्याकडे फिटेपेक्षा भाजून आणि बुडून जास्त नुकसान होतं, असं आम्हाला वाटतं.

रोज गोळ्या घेतल्या तर दहांतल्या सुमारे सात जणांच्या फिटा थांबू शकतात. गोळी चुकली की फिट परत येते. निर्जळी उपवास, रात्रभराचं जागरण यांचाही त्रास होतो. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी निघणार असाल तर महिन्याभराहून जास्त दिवसांच्या गोळ्या पिशवीत हव्यात. मुक्ताई काही गोळी घेतली म्हणून रागवायची नाही.

एका गटातल्या सासूबाईंनी विचारलं होतं, सुनेला फिट येते, मुलाला सोडचिठ्ठी मिळेल का? माय, हिंदू विवाह कायद्यात पूर्वी मिरगीचा उल्लेख होता खरा. इंडियन एपिलेप्सी असोसिएशन आणि अनेक डॉक्टर तो काढा म्हणून मागे लागले होते. १९९९ मध्ये संसदेनं तो काढून टाकला. आता केवळ फिट येते म्हणून लग्न मोडता येत नाही. पण लग्न जमवताना मुलीकडच्यांनी लपवूही नये. नंतर फसवणुकीचा वाद निघतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलगी सासरी गोळ्या लपवून घेते, मग घेतच नाही.

फिटेच्या बहुतेक बायांना चांगली, निरोगी मुलं होतात. दिवस गेले म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका, मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरते. मात्र व्हॅलप्रोएट नावाची एक गोळी आहे, तिनं पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा आणि पुढे त्याची बुद्धी मागे पडण्याचा धोका जास्त असतो. पाकिटावर ते नाव असेल आणि घरात मूल हवं असेल, तर दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टरांकडे जा. गोळी बदलायची की डोस कमी करायचा ते त्या ठरवतील, फॉलिक ॲसिडही आधीपासून सुरू करतील. पाकीट वाचता येत नसेल तर आशाताईंना दाखवा. तेच पाकीट सोबत घेऊन उपजिल्हा रुग्णालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा.