मलकापुरातली शेवभाजी

खानदेशातून वऱ्हाडात शिरताना मलकापूर लागतं. इथं महामार्गावरच्या धाब्यांवर दोन्ही मुलखांची चव मिळते. शेवभाजी आवर्जून मागवा. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजून लसणासोबत वाटतात, तेव्हा रश्शावर खरी तर्री येते. शेव जाड, तिखट हवी आणि ती वाढायच्या वेळीच रश्शात पडावी. आधी घातली की लगदा होतो. हिवाळ्यात भरीत चुकवू नका. शेजारच्या जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी लाकडी बडगीत मिरची-लसणासह ठेचतात. तो धुराचा वास गॅसवर येतच नाही. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा मागून घ्या.