जिताडा गळाला लागला, पुढे काय?



ठाणे सुटून लोकल कळव्याच्या पुलावर आली की खिडकीतून खाडी दिसते. काठाला तिवरांची झाडी, ओहोटी असेल तर काळा चिखल, त्यावर एखादा बगळा. रोजच्या प्रवाशाला यात नवं काही वाटत नाही. पण याच खाडीच्या जाळ्यात, घोडबंदरपासून मुंब्रा, दिवा, डोंबिवली आणि थेट कल्याणच्या दुर्गाडीपर्यंत, मीटरभर लांबीचा एक शिकारी मासा वावरतो. अंगावर चांदीसारखे जाड खवले, पाठीला बाक, भलंमोठं तोंड. आपल्याकडे त्याला जिताडा म्हणतात. गोव्यात तोच चोणक, बंगालमध्ये भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. बारामुंडी गळाला लागावा म्हणून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला लोक हजारो किलोमीटर प्रवास करून जातात. डोंबिवलीकराला त्यासाठी रिक्षाने मोठागावपर्यंत गेलं तरी पुरतं.

उल्हास नदी कल्याणपाशी खाडी होते, म्हणजे समुद्राची भरती तिच्यात शिरते. पुढे ठाण्याच्या उत्तरेला पाण्याला दोन वाटा फुटतात. मोठी वाट घोडबंदरवरून वसईच्या खाडीत जाते आणि एक अरुंद वाट दक्षिणेला ठाण्याच्या खाडीला मिळते. गोडं पाणी वरून येतं, खारं पाणी खालून चढतं आणि मधे निमखाऱ्या पाण्याचा लांबलचक पट्टा तयार होतो. जिताड्याला नेमका हाच पट्टा लागतो. त्याची वीण पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात होते. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, तिवरांच्या मुळांत लपतात, उघाडीतून खाजणात आणि भातशेतीच्या तळ्यांतही शिरतात. रायगडातल्या पेण-अलिबागच्या खारेपाटात ही पिल्लं शेततळ्यात सोडून वाढवण्याची जुनी पद्धत आहे आणि तिथला जिताडा पाहुणचाराचा मानाचा मासा समजला जातो.

गळाची हौस असलेल्या माणसाचा दिवस मात्र पाण्याजवळ सुरू होत नाही. तो सुरू होतो घरच्या कालनिर्णयपाशी, तिथी बघण्यापासून.

कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक हिशेब आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की मुंबईच्या भरतीची वेळ निघते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या आसपास पाणी पूर्ण चढतं, तसंच पहाटेही. अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. हा अंदाज मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. पाणी खाडीतून आत यायला वेळ घेतं, त्यामुळे ठाण्याला ते उशिरा चढतं आणि कल्याणला त्याहून उशिरा. आपल्या जागेचा उशीर किती, हे दोन-तीन वेळा घड्याळ लावून बघितलं की कायमचं कळतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

दिवस निवडतानाही तिथी उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी इतकं ओढतं की शिसं तळाला टिकत नाही आणि गाळ ढवळून सगळं चहासारखं होतं. अष्टमीच्या भांगाला पाणी जेमतेम हलतं, मासाही सुस्तावतो. मधले दिवस चांगले. चतुर्थी-पंचमीला दुपारी भरती पूर्ण होते आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ओहोटी लागते. पाऊस ओसरून खाडीचं पाणी पुन्हा खारट होऊ लागल्यावरची अशी संध्याकाळ हौशी माणसाने सोडू नये.

ओहोटीच का? भरतीच्या वेळी बोय, कोळंबी, काळुंदर ही सगळी लहान मंडळी तिवरांच्या मुळांत चरायला आत शिरतात. पाणी उतरू लागलं की त्यांना लहान ओहळांतून मोठ्या खाडीत परत यावंच लागतं. ओहळाच्या तोंडाशी, जिथे आतलं गढूळ पाणी बाहेरच्या जरा निवळ पाण्याला मिळतं, तिथे जिताडा दबा धरून बसतो. तो पाठलाग फारसा करत नाही. भक्ष्य टप्प्यात आलं की तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट आत ओढतो. त्या वेळी पाण्यावर 'थप्प' असा जाड, पोकळ आवाज येतो. एकदा ऐकला की तो आवाज विसरता येत नाही. अंधार पडल्यावर बॅटरीच्या उजेडात त्याचा डोळा निखाऱ्यासारखा लालसर चमकतो.

म्हणून खाडीभर गळ फेकत सुटण्यापेक्षा एक ओहळ, एक पुलाचा खांब किंवा एक पडलेलं तिवर निवडावं आणि तिथेच दोन तास द्यावेत.

आता साहित्य. सात-आठ फुटांचा दणकट रॉड, मध्यम आकाराचं रील, तीस-चाळीस पौंडांची विणलेली दोरी आणि तिच्या पुढे दीड-दोन हात जाड तंगूस, निदान पन्नास पौंडांचं. हे जाड तंगूस टाळू नये. जिताड्याच्या तोंडाची आतली बाजू कानशीसारखी खरखरीत असते आणि कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी धारदार. बारीक तंगूस चार झटक्यांत झिजून तुटतं, आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. आमिष म्हणून वीतभर जिवंत बोय किंवा मोठी कोळंबी उत्तम. बोय पाठीच्या पंखापुढे हलकी टोचावी, म्हणजे ती पोहत राहते. नकली मासा वापरणाऱ्याने तो सावकाश ओढावा, मधे थांबावं, पुन्हा ओढावं. बहुतेक वेळा मासा थांबल्यावरच येतो.

गळाबद्दल एक कळकळीची सूचना. सरळ गळाऐवजी टोक आत वळलेला सर्कल गळ वापरावा आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. हा गळ माशाच्या पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. त्यासाठी पथ्य एकच, ओढ लागल्यावर हिसका मारायचा नाही. दोरी ताणली जाऊ द्यायची आणि शांतपणे रील फिरवायला लागायचं. नवख्या माणसाला हे जड जातं. हिसका मारायची हाताला सवय असते, आणि सर्कल गळाला हिसका मारला की तो तोंडातून सटकन निघून येतो.

जिताडा लागला की तो आधी झाडीकडे किंवा खांबाकडे धावतो. पहिल्या दहा सेकंदांत त्याला तिथून वळवता आलं नाही तर दोरी मुळात अडकलीच. वळला की तो पाण्याबाहेर उडी घेतो आणि डोकं जोरात झटकतो. त्या क्षणी रॉडचं टोक खाली, पाण्याकडे न्यावं. दोरी ढिली पडू देऊ नये आणि ताठही ठेवू नये. मोठा मासा तीन-चार उड्या मारतो. मग त्याचा जोर कमी होतो, तो कुशीवर येतो आणि संध्याकाळच्या उजेडात ती चांदीची बाजू दिसते. श्रोतेहो, पुढच्या दोन मिनिटांत माणूस काय करतो, त्यावर या खाडीचं बरंच काही अवलंबून आहे.

कारण असं की जवळपास प्रत्येक जिताडा नर म्हणून वयात येतो. तीन-चार वर्षांचा असताना तो नर असतो, एक-दोन हंगाम तसा विणीत भाग घेतो आणि पुढे, साधारण ८५ ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान, त्याची मादी होते. म्हणजे ज्याच्याबरोबर फोटो काढावासा वाटतो असा सात-आठ किलोंच्या वरचा मासा बहुधा मादी असतो. एका मोठ्या मादीच्या पोटात कोटीच्या घरात अंडी असतात. असा एक मासा कापला की घरात दोन दिवस उत्तम कालवण होतं, आणि खाडीतून सहा-सात वर्षांत घडलेली एक आई जाते. आपल्या खाडीतला दुसरा मानाचा मासा, रावस, त्याचंही तसंच आहे. तोही आधी नर, मग मादी.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने हे ओळखून बारामुंडीला दोन्ही बाजूंनी मर्यादा घातली आहे. ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा ठेवायचा नाही आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही. विणीच्या हंगामात त्याची मासेमारीही बंद असते. आपल्या राज्यातही १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, १ जूनपासून यांत्रिक नौकांना पावसाळी बंदी असते आणि २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचे किमान आकार ठरवले गेले. हे चांगलं पाऊल आहे. पण किमान आकाराने पिल्लू वाचतं, मोठी मादी वाचत नाही. ती वाचवणं हौशी माणसाच्या हातात आहे, कारण त्याची चूल त्या माशावर अवलंबून नसते. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा खाडीकाठच्या गावातल्या ज्या कुटुंबाचं पोट डोल आणि पाग या जाळ्यांवर आहे, त्याला हा उपदेश करण्याचा अधिकार रविवारी रॉड घेऊन येणाऱ्याला नाही. स्वतः ते पाळणं मात्र त्याला सहज जमेल.

मोठ्या माशाची किंमत काय होऊ शकते, याचं उदाहरण फार दूरचं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या मच्छीमारांना एका फेरीत १५७ घोळ मिळाल्या आणि त्या सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांना विकल्या गेल्या. घोळीच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशात मोठी मागणी असते. ही बातमी राज्यभर गाजली, कारण एवढ्या मोठ्या घोळी एकत्र मिळणं आता नवलाचं झालं आहे.

मासा सोडायचा तो सोडण्याच्या पद्धतीने सोडावा. हात आधी ओले करावेत, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग लागतो. जबड्याला धरून उभा लटकवू नये, एक हात पोटाखाली द्यावा. पाण्याच्या कडेलाच मोजावा, एक फोटो घ्यावा, जेवढा वेळ आपण श्वास रोखू शकतो तेवढाच वेळ त्याला बाहेर ठेवावा. मग तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरावं. कल्ले नीट हलू लागले, शेपटीने हाताला धक्का दिला, की सोडावं.

सुरक्षिततेच्या गोष्टी थोडक्या, पण एकही गाळण्यासारखी नाही. खाडीच्या तळाला रेती उपशाने झालेले खोल खड्डे आहेत, गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जाऊ शकतं. म्हणून पाण्यात उतरू नये आणि होडीत बसताना लाइफ जॅकेट काढू नये. चिखलात पाय रुतला तर धडपड न करता मागे रेलून अंग पसरावं आणि पाय हळूहळू सोडवावा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, तेव्हा रेल्वेच्या तारांजवळ, उच्चदाबाच्या तारांखाली आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात रॉड उभा धरू नये. शिंगाळ्याचा काटा किंवा पाखटाची नांगी लागली, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा, त्याने कळ कमी होते, आणि मग डॉक्टर गाठावा.

ठाणे खाडीचा ऐरोलीकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय गळ टाकू नये. जागा मोकळी करण्यासाठी तिवराची एक फांदीही तोडू नये. तिवरं कायद्याने संरक्षित आहेत आणि जिताड्याचं पिल्लू त्यांच्याच मुळांत वाढतं.

पाण्याबद्दलही बोललं पाहिजे. वालधुनी नदीतून आणि नाल्यांतून येणारं कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी या खाडीत मिसळतं. ज्या दिवशी पाण्याला औषधी वास येतो, फेस किंवा तवंग दिसतो, मासे वर येऊन तोंड उघडतात, त्या दिवशी गळ गुंडाळावा, तिथला मासा खाऊ नये आणि जागा, वेळ, फोटो यांसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावी. काठावर तासन्‌तास बसणाऱ्या माणसाला हे सगळ्यांत आधी दिसतं. त्याने तक्रार केली नाही तर कोण करणार?

तेव्हा पुढच्या चतुर्थी-पंचमीला खाडीवर निघणाऱ्यांना एवढीच विनंती, की आमिषाच्या डब्याशेजारी एक मोजपट्टी ठेवावी. घरी न्यायचा असेल तर मधल्या आकाराचा एक जिताडा न्यावा, आणि ८० सेंटिमीटरच्या पुढचा मासा, कितीही मोह झाला तरी, उल्हासच्या पाण्यात परत सोडावा.